गैरहजेरीचा हिशोब

स्मरणिकेसाठी लेख मागायला फोन आला तेव्हा मला सांगण्यात आलं होतं, की शाळेच्या आठवणी लिही. सहल, गॅदरिंग, मधल्या सुट्टीतले डबे वगैरे. ते इतरांनी लिहिलं असेलच, आणि माझ्यापेक्षा चांगलं. मी एका अमेरिकन प्राध्यापकाविषयी लिहिणार आहे. त्यांचा आणि आपल्या शाळेचा थेट संबंध काही नाही. पण आपल्या १९९६च्या तुकडीतल्या निम्म्याअधिक मुलामुलींचे वडील किंवा आजोबा ज्या मस्टरवर होते, किंवा नव्हते, त्या मस्टरचा अभ्यास करण्यात या माणसाने आयुष्यातली बरीच वर्षं घालवली. लेख लांबला तर संपादकांनी खुशाल कात्री लावावी. शेवटचा परिच्छेद मात्र ठेवावा, त्यात एक काम आहे.

प्राध्यापकांचं नाव मॉरिस डेव्हिड मॉरिस. नाव आणि आडनाव एकच, त्यामुळे पहिल्यांदा मला ती छपाईची चूक वाटली होती. ते अर्थशास्त्रज्ञ, अमेरिकेत सिअॅटल इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवत असत, पुढे ब्राउन विद्यापीठात गेले. २०११ साली कंपनीच्या कामासाठी मी तीन वर्षं सिअॅटलला होते. काम होतं हजेरी आणि रजांचं सॉफ्टवेअर बनवण्याचं. कोण किती दिवस आलं, कोणत्या वारी आलं नाही, कोणाची रजा मंजूर आणि कोणाची नाही, याचा सगळा हिशोब. गैरहजेरीवर लोकांनी काय अभ्यास केलाय ते बघावं म्हणून एका शनिवारी विद्यापीठाच्या सुझालो ग्रंथालयात गेले. अर्थशास्त्राच्या कपाटांत हात फिरवताना एका पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर 'बॉम्बे कॉटन मिल्स' ही अक्षरं दिसली. परक्या गावात आपल्या गल्लीची पाटी दिसावी तसं झालं. 'द इमर्जन्स ऑफ अॅन इंडस्ट्रियल लेबर फोर्स इन इंडिया', कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९६५ साली छापलेलं. उपशीर्षक सांगत होतं, की हा मुंबईच्या कापड गिरण्यांचा १८५४ ते १९४७ या काळाचा अभ्यास आहे. मी तिथेच जमिनीवर बसून वाचायला लागले ते ग्रंथालय बंद व्हायची घंटा होईपर्यंत.

आधी हे सांगायला हवं, की मॉरिस कशाशी भांडत होते. मुंबईची पहिली कापड गिरणी काढायची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केली आणि ताडदेवला १८५६ साली सूत निघू लागलं. तेव्हापासून गिरणीमालक, सरकारी अधिकारी, चौकशी आयोग सगळे एकच कथा सांगत आले. कथा अशी: गिरणी कामगार हा खरा कामगारच नव्हे, तो शेतकरी आहे. कोकणातून नाहीतर घाटावरून चार पैसे मिळवायला येतो, मन गावाकडेच असतं. भातलावणी आली, गणपती आले, शिमगा आला, घरात लग्न निघालं की चालला. त्याला शिस्त नाही, घड्याळ कळत नाही, यंत्राशी इमान नाही. म्हणून खाडे फार, म्हणून उत्पादन कमी, आणि म्हणून पगारही कमी. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ साली अहवाल दिला, त्यातही कामगार मनाने गावकरीच राहतो हे गृहीत आहे. आयोग कामगारांच्या विरोधात नव्हता, हे त्यांना श्रेय द्यायला हवं. गावाशी असलेला धागा तोडू नका, उलट गावी जायची रीतसर सोय करा, असं त्यांनी म्हटलं. पण कथा तीच.

ही कथा आपणही ऐकली आहे. जून महिन्यात शाळा सुरू व्हायची तेव्हा आपला वर्ग अर्धा रिकामा असायचा, आठवतंय? कोकण रेल्वे तेव्हा पुरी झालेली नव्हती. लाल एसटीचं रिझर्वेशन मिळेल त्या तारखेला आपण परत यायचो. सातवीत एका सरांनी भर वर्गात मला उभं करून विचारलं होतं, "तुम्हा लोकांचं गाव कधी सुटणार?" मी काहीच बोलले नाही. त्या वाक्यातला 'तुम्हा लोकांचं' हा शब्द मात्र पुढची पंचवीस वर्षं माझ्याबरोबर राहिला. मला वाटायचं, सरांचं बरोबर आहे. आपल्यातच काहीतरी कमी आहे. बाबांनाही तसंच वाटत असावं, कारण घरी सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी लवकर निघू."

मॉरिस यांनी ही कथा घेतली आणि तिला साधे प्रश्न विचारले. आम्ही प्रोग्रॅममधला दोष शोधताना विचारतो तसले. पहिला प्रश्न: माणसं गिरणीत यायला खरंच नाखूश होती का? तसं असतं तर माणसांची टंचाई पडली असती, आणि टंचाई पडली की मजुरी भराभर चढते. प्रत्यक्षात गिरण्यांतली कामगारसंख्या काही हजारांवरून वाढत १९२०च्या दशकात दीड लाखाच्या आसपास गेली, आणि पहिल्या महायुद्धापर्यंत मजुरी अगदी सावकाश हलली. म्हणजे दारात माणूस हवा तेवढा उभा होता. अपवाद प्लेगचा. १८९६ साली प्लेग आला, शहर रिकामं व्हायला लागलं, तेव्हा महिन्याच्या महिन्याला आणि तोही उशिरा पगार देणारे मालक रोजच्या रोज रोख मजुरी द्यायला लागले. गरज पडली तेव्हा माणूस टिकवून धरायची युक्ती त्यांना बरोबर सुचली. प्लेगचा जोर ओसरला आणि जुनी पद्धत परत आली.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. जर खाडे एवढे त्रासदायक होते, तर मालकांनी ते थांबवायला केलं काय? मॉरिस यांनी गिरणीमालक संघाचे वर्षावर्षांचे अहवाल, फॅक्टरी आयोगांसमोरच्या साक्षी, मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसची आकडेवारी असं सगळं चाळलं, आणि त्यांचं उत्तर असं, की फारसं काही केलंच नाही, कारण करायची गरज नव्हती. जाडंभरडं सूत आणि कापड काढायचं होतं, यंत्रं जास्तीत जास्त तास चालवायची होती, माणूस स्वस्त होता. एक गेला तर दुसरा. विजेचे दिवे आल्यावर १९०५च्या सुमारास काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. पुरुष कामगाराच्या तासांना कायद्याची पहिली मर्यादा आली ती १९११ साली, आणि तीसुद्धा बारा तासांची. आता बारा-चौदा तास साच्यापुढे कोण उभं राहील? मग माणूस अधूनमधून बाहेर जाई, विडी ओढे, आवारात भाकरी खाई, डोळा लावी. तेवढ्या वेळात शेजारचा किंवा एखादा जादा माणूस साचा सांभाळे. गिरण्या ती जादा माणसं हिशोबात धरूनच ठेवत. साहेब लोक याला आळस म्हणत. मॉरिस म्हणतात, ही कामाच्या तासांची न लिहिलेली तडजोड होती.

आणि रजा? पगारी रजेचा कायदेशीर हक्क कारखान्यातल्या माणसाला मिळाला १९४५च्या दुरुस्तीने, पुढे १९४८च्या फॅक्टरी कायद्याने तो पक्का झाला. त्याआधी ऐंशी-नव्वद वर्षं रजा म्हणजे मुकादमाची मर्जी. साप्ताहिक रविवारची सुट्टीसुद्धा नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनंतर १८९० साली मिळाली. तोवर सुट्टी मिळे ती सणाची, नाहीतर साफसफाईसाठी यंत्रं थांबतील तेव्हाची. मुकादम, म्हणजे जॉबर, हाच माणसं भरती करी, कामाला लावी, काढून टाकी आणि परत घेताना दस्तुरी खाई. जितकी माणसं ये-जा करतील तितकी त्याची दस्तुरी जास्त. गावी आई आजारी पडली तर कामगारापुढे मार्ग एकच: काम सोडून जायचं, आणि परत आल्यावर पुन्हा मुकादमाला भेटायचं. मालकाच्या वहीत याची नोंद होई, 'नोकरीत टिकत नाही'. नोंद खोटी नव्हती. कारण मात्र चुकीच्या रकान्यात लिहिलेलं होतं.

इथवर वाचून मी पुस्तक मिटलं आणि भारतात सकाळ व्हायची वाट पाहून बाबांना फोन लावला.

माझे बाबा १९७४ ते १९८२ अशी आठ वर्षं बदली कामगार होते. नव्या पिढीसाठी सांगते (आपली मुलंही हे वाचतील अशी आशा आहे), बदली म्हणजे ट्रान्सफर नव्हे. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी त्या दिवसापुरता घेतलेला माणूस म्हणजे बदली. पूर्वी हे सगळं मुकादमाच्या हातात होतं. १९३५ साली गिरणीमालक संघाने बदली कार्डाची पद्धत आणली. ठरावीक लोकांना कार्डं द्यायची, त्यांनी रोज गेटवर हजर व्हायचं, आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. मुकादमाचा हात थोडा आखडला. बाबांच्या काळापर्यंत हाच रिवाज चालत आला होता. सकाळी सातच्या पाळीला गेटवर जायचं, नंबर लागला तर आत, नाही तर दुपारी साडेतीनच्या पाळीला पुन्हा यायचं, तेव्हाही नाही लागला तर रात्रपाळी. काही दिवस ते तिन्ही वेळा जाऊन तिन्ही वेळा परत आलेत. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३च्या दुरुस्तीने बदली कामगाराची व्याख्या आली. ती वाचलीत तर कळेल: ज्याचं नाव मस्टरवर आहे अशा दुसऱ्या माणसाच्या जागी काम करणारा. म्हणजे जो आलेला नाही त्याचं नाव आहे, आणि जो आलाय तो 'त्याच्या जागी' आहे. सलग एक वर्षाची नोकरी भरत नाही तोवर त्याला ले-ऑफची भरपाईसुद्धा नाही.

फोनवर मी बाबांना विचारलं, की तुमच्या खात्यात खाडे का व्हायचे. ते हसले. म्हणाले, "कोणाचे सांगू? काकाचे सांगू?"

माझे मोठे काका त्याच गिरणीत लूमखात्यात कायम होते. अंगाने धट्टेकट्टे, दारूला शिवले नाहीत कधी. तरी महिन्यातून तीन-चार दिवस खाडा करायचे. का? तर त्या दिवशी त्यांच्या साच्यावर बाबांना काम मिळावं म्हणून. मुकादमाशी तेवढं बोलून ठेवलेलं असे. घरात दोन भाऊ, दोन बायका, गावी आई आणि एक कायमची नोकरी. ती दोघांत वाटून घ्यायची तर काकांनी गैरहजर राहण्यावाचून दुसरा रस्ताच नव्हता. गिरणीच्या कागदावर याचं रूप काय झालं? काका: अनियमित कामगार. बाबा: त्या दिवसापुरते कोणीतरी. दोघांची मिळून जी काटेकोर हजेरी होती, ती दाखवायला रकानाच नव्हता. मी हजेरीची सॉफ्टवेअरं बनवणारी बाई. एवढी वर्षं हे माझ्या घरात घडलेलं होतं आणि मला ते सिअॅटलच्या फोनवर कळलं.

मॉरिस यांच्या पुस्तकात माझे काका नाहीत. पण काका समजण्याची जागा त्यांनी करून ठेवली होती. बदलीचा साठा दारात उभा ठेवायचा असेल तर त्या साठ्याला अधूनमधून काम मिळायला हवं, नाहीतर तो उभा राहणार नाही. आणि त्याला काम मिळायला कोणीतरी गैरहजर हवं. म्हणजे गैरहजेरी हा त्या यंत्राचाच एक भाग होता. आमच्या आयटीमध्ये 'बेंच' असतो तो याचाच चुलतभाऊ म्हणायचा. आमच्या बेंचवरच्यांना पगार मिळतो, हा फरक काही लहान नव्हे.

मॉरिस यांनी शेजारी ठेवलेलं दुसरं उदाहरण म्हणजे जमशेदपूरचा टाटांचा पोलाद कारखाना. १९०७ साली कंपनी स्थापन झाली तेव्हा तिथे जंगल आणि खेडी. तिथले कामगारसुद्धा शेतातूनच आलेले, गिरणीचं तोंड न पाहिलेले. पण पोलादाची भट्टी कोणी विडी ओढायला गेलं म्हणून थांबत नाही. तिथे शिस्त लागतेच, म्हणून कंपनीने ती लावायची व्यवस्था केली, आणि माणसं त्या शिस्तीत बसली. १९६० साली 'लेबर कमिटमेंट' या विषयावर अमेरिकेत निघालेल्या एका ग्रंथात मॉरिस यांनी भारतातल्या कामगार बाजारावर लिहिलं, आणि हा मुद्दा मांडला. त्या काळी तिकडच्या विद्वानांत एक समज घट्ट होता, की आशिया-आफ्रिकेतला माणूस संस्कृतीमुळे, जातीमुळे, कुटुंबामुळे कारखान्याला 'बांधील' होत नाही. मॉरिस यांचं म्हणणं, संस्कृतीकडे नंतर बघू, आधी नोकरीच्या अटी दाखवा.

आता त्यांची कमतरताही सांगते, नाहीतर हा आरतीचा लेख होईल. मॉरिस यांची जवळपास सगळी साधनं मालकांची आणि सरकारची. कामगार त्यांत बोलतो तो आयोगापुढे दुभाष्यामार्फत. जातीमुळे भरती अडली नाही असं ते म्हणतात, आणि गिरण्यांना माणसं मिळण्यापुरतं ते खरंही असेल. पण विणकाम खात्यात दलितांना शिरकाव नव्हता, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. चांगला पगार विणकामातच होता. ही गोष्ट मॉरिस यांना माहीत आहे, ते ती नोंदवतातही, पण नोंदवून पुढे जातात. १९२८च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न धरून लावला होता. आपल्या वर्गातल्या ज्यांच्या आजोबांना आयुष्यभर रिंगखात्यातच राहावं लागलं त्यांना यावर माझ्यापेक्षा जास्त लिहिता येईल.

गावाविषयीही मॉरिस अर्ध्यावर थांबले असं मला वाटतं. गावाचा ओढा हे खाड्यांचं कारण नव्हे, हे सिद्ध करण्याच्या भरात गाव त्यांच्या हिशोबातून जरा जास्तच बाहेर गेलं. ती चूक सुधारली राजनारायण चंदावरकर यांनी. ते मुंबईचे, केंब्रिजला इतिहास शिकवत. त्यांचं मुंबईच्या कामगारांवरचं मोठं पुस्तक १९९४ साली आलं. त्यांनी दाखवलं, की शहरातली नोकरी बेभरवशाची असल्यामुळेच माणसाला गाव धरून ठेवावं लागलं. गाव म्हणजे त्याचा विमा. आणि संपात तो विमाच त्याची ताकद ठरे. १९२८चा संप सहा महिने चालला, तो गावाच्या आधारावर. हे मला पुस्तकातून शिकायची गरजच नव्हती. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, तेव्हा मी सव्वा वर्षाची होते. आई मला घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेली आणि आम्ही तिथे साडेतीन वर्षं राहिलो. आजीच्या भातावर. 'तुम्हा लोकांचं गाव' सुटलं असतं तर मी सातवीच्या त्या वर्गात उभी राहायला शिल्लक असते की नाही कोण जाणे. संपाच्या मागण्यांत पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करा ही मागणीही होती. ती मागणी बाबांची होती. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. काकांना गिरणीने परत घेतलं, दोन वर्षांनी तीही बंद पडली. बाबांना परत घ्यायचा प्रश्नच आला नाही. ज्याच्या जागी घ्यायचं तो मस्टरवर हवा ना. त्यांनी एका इमारतीत लिफ्टमन म्हणून चोवीस वर्षं काढली आणि त्या चोवीस वर्षांत मोजून अकरा खाडे केले. हा आकडा त्यांचा, त्यांनी वहीत लिहून ठेवलाय.

मॉरिस पुढे वादातही बरेच सापडले. १९६३ साली त्यांनी एका निबंधात एकोणिसाव्या शतकातल्या भारतीय अर्थव्यवस्थेचा फेरविचार करा असं सुचवलं. इंग्रजी राजवटीत सगळं बुडालंच असं धरून चालू नका, असा त्याचा रोख. बिपन चंद्र, तपन रायचौधुरी आणि जपानचे तोरू मात्सुई यांनी त्यावर १९६८ साली कडक उत्तरं लिहिली. मला त्या वादात रायचौधुरींची बाजू जास्त पटते, पण तो माझा विषय नाही. सत्तरच्या दशकात वॉशिंग्टनच्या ओव्हरसीज डेव्हलपमेंट कौन्सिलसाठी त्यांनी एक निर्देशांक तयार केला, 'फिजिकल क्वालिटी ऑफ लाइफ इंडेक्स'. देशाचं उत्पन्न बाजूला ठेवायचं आणि तीनच गोष्टी बघायच्या: किती तान्ही मुलं दगावतात, वर्षाचं झालेलं मूल पुढे किती जगेल, किती लोकांना लिहिता-वाचता येतं. १९७९ साली त्यावर त्यांचं पुस्तक आलं. या मोजपट्टीवर श्रीलंका आणि केरळ आपल्या उत्पन्नाच्या मानाने कितीतरी वर दिसले. संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक १९९०चा, म्हणजे नंतरचा. गिरण्यांचा अभ्यास आणि हा निर्देशांक यांत मला एकच सवय दिसते. सगळे जो आकडा बघतात तो आकडा नक्की काय मोजतो, हे आधी विचारायचं.

ती सवय मला असायला हवी होती. सिअॅटलला जायच्या आधी मी आमच्या सॉफ्टवेअरसाठी एक नियम लिहिला होता: तीन महिन्यांत ठरावीक वेळा सोमवारी किंवा सुट्टीला जोडून गैरहजर असलेल्या माणसाच्या नावापुढे लाल खूण. एका ग्राहकाने तो ठेकेदारामार्फत आलेल्या सफाई कामगारांना लावला. त्यांची हजेरी ठेकेदाराकडे नोंदली जात होती, आमच्याकडे फक्त खाडे येत होते. म्हणजे लाल खुणा दिसत होत्या आणि त्यांच्याखालचे हजर दिवस दिसतच नव्हते. त्यातल्या काही बायकांना कामावरून कमी केलं गेलं. मला हे सहा महिन्यांनी एका बैठकीत सहज कळलं, कोणीतरी 'नियम उत्तम चालतोय' असं कौतुकाने सांगत असताना. मॉरिस वाचून झाल्यावर मी तो नियम बदलून घेतला. पूर्ण हजेरी नसेल तर खूण उठणारच नाही असा केला. त्या बायका कोण होत्या, पुढे कुठे गेल्या, हे शोधायचा मी प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. यात मोठेपणा काही नाही. नियम मीच लिहिला होता.

शाळेची एक आठवण लिहायची राहिली. ती लिहिली नाही तर समिती लेख परत पाठवेल. आपल्या आठवीच्या वर्गशिक्षिका बाईंचं हजेरीपत्रक कोणी नीट बघितलं होतं का? मी वर्गप्रतिनिधी होते, त्यामुळे ते ऑफिसात पोचवायचं काम माझं. जूनमध्ये जी मुलं गावाहून आलेली नसत त्यांच्या रकान्यात बाई गैरहजेरीची खूण करत नसत. पेन्सिलीने एक बारीक ठिपका द्यायच्या. मूल आलं की विचारायच्या, गाडी कुठून पकडली, पाऊस किती, लावणी झाली का. मग महिनाअखेरीला शाईने काय लिहायचं ते लिहायच्या. नियमात ते बसत होतं की नाही, मला माहीत नाही. बाई संमेलनाला येणार आहेत असं ऐकलंय, त्यांनाच विचारू.

आता काम. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरताना १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर गिरणीत असल्याचा पुरावा लागतो. बाबांचं बदली कार्ड आईने देवाच्या फोटोमागे ठेवलेलं होतं, म्हणून आमचा अर्ज गेला. आमच्याच चाळीतल्या दोघांचे अर्ज कागदाअभावी अडले. शिवाय अर्जाचं सोडून द्या, हे कागद आता दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत. गिरण्यांची मस्टरं रद्दीत गेली. तेव्हा संमेलनाला येताना घरात जे सापडेल ते घेऊन या: बदली कार्ड, तिकीट, पगाराची पावती, ईएसआयचं कार्ड, गावाहून आलेल्या मनीऑर्डरची पोच, खाणावळीची वही. तळमजल्यावर जिन्याजवळ एक टेबल मांडू. मी स्कॅनर घेऊन सकाळी नऊपासून तिथे बसेन, मूळ कागद तिथल्या तिथे परत देईन, आणि प्रत्येकाची एक प्रत तुम्हाला पाठवीन. बाबा बरोबर असतील. कार्डावरच्या शिक्क्यांचा अर्थ लागला नाही तर त्यांना विचारा. खातं कुठलं, पाळी कुठली, मुकादम कोण, सगळं सांगतात.